खाजकुहिलीचा हिशेब

(जिल्हा बैठकीत दुपारच्या सत्रात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



सकाळपासून कापसाच्या भावावर बोलणे झाले, पीकविम्यावर झाले, विजेच्या बिलावर झाले. माझा विषय बाहेर फळ्यावर लिहिला आहे, 'खाजकुहिली'. तो वाचून काहीजण हसले, ते मी पाहिले. एक बाबा तर मला म्हणाले, "साहेब, आधीच खाज काय कमी आहे का आपल्याले?" बाबांचे खरे आहे. तरी अर्धा तास ऐका, कारण या वेलाच्या बाबतीत माझ्याकडून एक चूक झालेली आहे आणि तिची भरपाई मजुरीला येणाऱ्या बायांनी केली आहे. ती गोष्ट पुढे सांगतो.

खाजकुहिली माहीत नाही असा माणूस या मांडवात नसेल. कुणी खाजकुयरी म्हणतो, कुणी कवच म्हणतो, जडीबुटीवाले कौंच म्हणतात. शाळेत असताना कुणाच्या तरी सदऱ्यात शेंग चोळून आपण सगळ्यांनी मार खाल्लेला आहे. संस्कृतात दोन नावे फार नेमकी आहेत. एक कपिकच्छू, म्हणजे माकडालाही खाज आणणारी. दुसरे आत्मगुप्ता, स्वतःचे रक्षण स्वतः करणारी. शेतकऱ्याने हे दुसरे नाव जरा लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पावसाळ्याच्या तोंडाला हा वेल उगवतो. जंगलाची कड, नाल्याचा काठ, धुऱ्यावरची बोराटी, पडीक बरड, जिथे चढायला काहीतरी आहे आणि मुळाशी पाणी साचत नाही, तिथे तो असतो. मेळघाटात आहे, गडचिरोलीत आहे, सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना आहे, कोकणात तर कुंपणाकुंपणावर आहे. पाने तीन-तीन, वालासारखी. पाऊस ओसरू लागला की काळपट जांभळ्या फुलांचे घोस खाली लोंबतात. मग इंग्रजी एस अक्षरासारख्या वाकड्या शेंगा धरतात, एका शेंगेत चार-सहा दाणे. हिवाळ्यात शेंग पिकते आणि तिच्यावरचे तांबूस-सोनेरी केस वाऱ्याने उडायला लागतात. त्या केसांच्या टोकात प्रथिने तोडणारे एक द्रव्य असते आणि खाजेचे दुसरेही एक द्रव्य असते. केस कातडीत रुततो, आपण चोळतो, तो आणखी आत जातो. म्हणून चोळायचे नाही. माझी आजी कणकेचा ओला गोळा अंगावरून फिरवायची, केस त्याला चिकटून निघायचे, मग तेल लावायची. कृषी महाविद्यालयात चार वर्षे काढली, यापेक्षा चांगला उपाय तिथे कुणी सांगितला नाही.

आता महाविद्यालयात जे सांगितले ते. ही शेंगवर्गातली वनस्पती, तूर-मूग-चवळीच्या घराण्यातली. चवळीच्या मुळांवर जे जिवाणू गाठी करतात तेच हिच्याही मुळांवर करतात आणि हवेतला नत्र बांधतात. आपल्या भागात चवळी पेरलेली असतेच, म्हणून हे जिवाणू जमिनीत बहुधा असतातच. आणि दुसरी गोष्ट, जी बऱ्याच जणांना ठाऊक नसते: याच जातीचा एक लागवडीचा प्रकार आहे ज्याच्या शेंगेला खाजरे केस नसतात, नुसती मखमलीसारखी मऊ लव असते. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवडून तो तयार केला. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने अर्का धन्वंतरी, अर्का अश्विनी असे बिनखाजेचे वाण दिलेले आहेत. मी जेव्हा 'लावा' म्हणेन तेव्हा या बिनखाजेच्या प्रकाराबद्दल बोलतो आहे. रानातली शेंग आणून शेतात लावा असे मी म्हटल्याचे गावात जाऊन सांगू नका.

बी कशासाठी विकत घेतात?

जडीबुटीचे व्यापारी हिचे बी का शोधत फिरतात? आयुर्वेदात कवचबीज ताकदीसाठी, वाजीकरणासाठी आहे. त्या एका शब्दावर शहरात किती डबे विकले जातात हे तुम्ही जाहिरातींत पाहताच. पण त्याहून मोलाचा उपयोग कंपवाताचा. हातपाय थरथरतात, चाल अडखळते, चेहरा दगडासारखा होतो, तो आजार. १९३७ साली मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी या संशोधकांनी या बियांतून एल-डोपा नावाचे द्रव्य वेगळे काढले. पुढे तीस वर्षांनी, १९६० च्या दशकात, तेच द्रव्य कंपवातावरचे मुख्य औषध ठरले. आजही त्या आजाराला मुख्य औषध तेच आहे. बियांत ते साधारण शेकडा तीन ते सहा भाग असते. म्हणजे आपल्या धुऱ्यावरच्या शेंगेत औषध आहे हे खरेच आहे, त्यात भोंदूपणा नाही.

पण ज्याच्यात औषध आहे त्याच्यात विषही आहे. तामिळनाडू-केरळच्या डोंगरातले कणिक्कर आदिवासी हे बी खातात. कसे खातात? सात-आठ वेळा उकळून, प्रत्येक वेळचे पाणी फेकून. हे ज्ञान भुकेतून आलेले आहे आणि त्यातली एकही पायरी फालतू नाही. १९८९ साली आफ्रिकेतल्या मोझांबिक देशात, नामपुला प्रांतात, युद्ध आणि दुष्काळ एकदम आले. लोकांनी हेच बी शिजवले. ज्या पाण्यात शिजवले ते फेकले गेले नाही, आणि दोनशेवर माणसे भ्रमिष्ट झाली, दवाखान्यात न्यावी लागली. म्हणून घरी कवचबीजाचे पीठ करून दुधात घालून पिण्याचे प्रयोग करू नका. ज्यांना आधीच कंपवाताची किंवा मनाच्या आजाराची गोळी चालू आहे त्यांनी तर मुळीच नाही, आणि गरोदर बाईनेही नाही. केसांचा सुद्धा एक जुना उपयोग आहे: गुळाच्या पाकात किंवा मधात कालवून जंतांवर देत. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात युरोपातले डॉक्टरही ते देत होते. आता जंताची गोळी सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. त्या वाटेला जायचे कारण उरलेले नाही.

माझी चूक

आता माझी गोष्ट. पंधरा वर्षे झाली असतील. औषधी वनस्पतींची एक कंपनी आमच्या भागात आली. नाव घेत नाही, कारण नंतर तशा आणखी तीन आल्या आणि सगळ्यांची तऱ्हा तीच होती. छापील करार, बी कंपनीचे, भाव ठरलेला, माल शेतावरून उचलणार. मी पदवीधर, मला वाचता येते, म्हणून गावाने कागद माझ्याकडे दिला. मी वाचला आणि 'चांगला आहे' म्हणालो. अकरा जणांनी एकेक एकर लावले. त्यातल्या चौघांनी माझ्याच सांगण्यावरून पराटीच्या तासांत लावले. वाटले, कापूसही होईल आणि शेंगही होईल.

पराटी डिसेंबर-जानेवारीपर्यंत उभी असते. वेल तिला सोडतो होय? सप्टेंबरात वेल शेंड्यावर गेला, ऑक्टोबरात पराटी दिसेनाशी झाली. बोंडे खाली काळोखात सडली. एवढ्यावर निभावले असते तर मी माझ्या चुकीचे पैसे भरून मोकळा झालो असतो. पण कंपनीच्या बियात रानातले बी मिसळलेले होते. शेंग वाळली तेव्हा वेचणीच्या बाया नेहमीप्रमाणे तासात शिरल्या, लुगड्याच्या ओट्या भरून कापूस वेचू लागल्या. अर्ध्या तासात सगळ्या बाहेर. मान, पोट, मांड्या, एकीच्या डोळ्यात गेलेले. सहा बायांची तीन-चार दिवसांची मजुरी बुडाली. कापूस वेचणीच्या हंगामात ती मजुरी म्हणजे काय असते हे इथल्या मायबहिणींना सांगायला नको. त्यातली एक मला म्हणाली, "भाऊ, तुमी शिकलेले, तुमाले दिसलं नाही, अन्‌ आमच्या आंगानं पाह्यलं."

आणि कंपनी? ट्रक आलाच नाही. कागद पुन्हा काढून वाचला, तर 'गुणवत्ता मान्य झाल्यास' असे तीन शब्द होते. गुणवत्ता मान्य करायची कोणी, तर त्यांनी. ते तीन शब्द मी आधीही वाचले होते, फक्त त्यांचा अर्थ वाचला नव्हता. शेवटी ठरलेल्या भावाच्या तिसऱ्या हिश्शाने आडत्याला बी घालून मोकळे झालो.

यातून मी एवढेच शिकलो की खाजकुहिली विकण्यासाठी लावणार असाल तर माल कोण, किती, कोणत्या दिवशी उचलणार हे आधी, आणि अर्धे पैसे हातात आल्यावर. तसे होत नसेल तर विकण्यासाठी लावू नका. मग कशासाठी लावायची? तो पुढचा मुद्दा.

दुसऱ्या देशांत काय झाले

हा बिनखाजेचा वेल अमेरिकेत १८७० च्या दशकात फ्लोरिडात पोहोचला. तिथून तो अलाबामा, जॉर्जिया, मिसिसिपी अशा कापसाच्या राज्यांत पसरला. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास तिथे लाखो एकर मक्यात हा वेल होता. तोच काळ त्यांच्या कापसावर बोंडातला भुंगा पडण्याचा. आपल्याकडे २०१७ ला गुलाबी बोंडअळीने जे केले तसे. जमीन कापसाने खाल्लेली, खताला पैसा नाही. मका काढून घ्यायचा, हिवाळ्यात वेलात ढोरे सोडायची, उरलेला पाला नांगरून टाकायचा, असा त्यांचा रिवाज होता. मग खताचे कारखाने निघाले, नत्र स्वस्त झाला, सोयाबीन आले, आणि वेल गेला. तो वाईट होता म्हणून नाही. हिशेबात बसेना म्हणून.

आफ्रिकेत बेनिन नावाचा छोटा देश आहे. तिथे काशासारख्या एका गवताने शेते खाल्ली होती. ते खणून निघत नव्हते. १९८० च्या दशकाच्या शेवटी तिथे हा वेल आणला, त्याने गवतावर सावली धरली आणि गवत मेले. हजारो शेतकऱ्यांनी लावला. पण त्यातल्या कितीतरी जणांचा डोळा गवतावर नव्हता, बियांवर होता. मदत देणाऱ्या संस्था पुढच्या गावांना वाटायला बी चांगल्या भावाने विकत घेत होत्या. त्यांची खरेदी मंदावली आणि लागवडही ओसरली. माझ्या अकरा एकरांसारखेच ते.

होंडुरास देशाच्या उत्तर किनाऱ्यावर मात्र वेगळे झाले. तिथे डोंगरउतारावर मक्यात हा वेल शेतकऱ्याने शेतकऱ्याला दिला, ना कंपनी ना सरकार, आणि बरीच वर्षे तो टिकला. तिकडे त्याला 'खताचा घेवडा' अशा अर्थाच्या नावाने ओळखतात. पण तिथे पाऊस आपल्या दुप्पट-तिप्पट पडतो हे विसरू नका. एखाद्या पुस्तकात तिथला फोटो पाहून आपल्या बरडावर तसेच रान माजेल असे कुणी सांगत असेल तर त्याला आधी पर्जन्यमापक दाखवा.

आपला हिशेब

आता आपल्या जमिनीचा हिशेब मांडू. हलकी जमीन, पाऊस बरा, तर तीन महिन्यांत एकरी टन-दीड टन वाळलेला पाला मिळतो असे धरू. एक टन वाळलेल्या पाल्यात साधारण २० ते २५ किलो नत्र असतो. युरियाची ४५ किलोची गोणी घ्या, त्यात नत्र शेकडा ४६, म्हणजे २० किलोच्या वर थोडा. म्हणजे एक टन पाला बरोबर एक गोणी युरिया. आणि गोणीची किंमत? कितीतरी वर्षे ती २६६ रुपयांच्या आसपास आहे. एका मजुराची दिवसाची मजुरीसुद्धा नाही. त्यातही पाल्यातला सगळा नत्र हवेतून आलेला नसतो, काही जमिनीतूनच ओढलेला असतो, आणि पुढच्या पिकाला त्यातला काही भागच मिळतो.

हा हिशेब मी मुद्दाम मांडला. सेंद्रिय शेतीचे काही प्रचारक तुम्हाला सांगतात की वेल लावा आणि खताचा खर्च वाचवा. तुम्ही लावत नाही, मग ते म्हणतात शेतकरी आळशी आहे, अडाणी आहे. शेतकरी अडाणी नाही. त्याला २६६ रुपये मोजता येतात. युरियावर जे अनुदान आहे ते कारखान्यात मिळते, वेलाला मिळत नाही. वेलाला त्या गोणीशी भांडायला लावले तर वेल हरणारच.

मग उरते काय? उरते ते गोणीत नसलेले. गेली चार वर्षे माझ्या स्वतःच्या पाऊण एकर बरडावर मी हे पाहतो आहे. त्या तुकड्यात ज्वारी कमरेच्या वर कधी गेली नाही. पहिल्या वर्षी वेलच नीट आला नाही, गुडघाभर. दुसऱ्या वर्षी त्याने जमीन झाकली. झाकलेल्या जमिनीवर पावसाचा थेंब सरळ आदळत नाही, माती वाहून जात नाही, आणि तण उजेडावाचून मरते. तिथे दोन निंदण वाचले, आणि दोन निंदणांची मजुरी २६६ रुपयांच्या कितीतरी पुढे जाते. ऑगस्टात पावसाने तीन आठवडे ताण दिला तेव्हा शेजारच्या उघड्या जमिनीत भेगा पडल्या, वेलाखाली बोट घातले तर ओल लागत होती. मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींचा जोरही या वेलाने कमी होतो असे अलाबामातल्या प्रयोगांत दिसले आहे. मी ते मोजलेले नाही. चौथ्या वर्षी त्याच बरडात ज्वारी लावली, ती छातीला आली. पीक लई झाले असे म्हणणार नाही. पण कडबा झाला, आणि त्या तुकड्याने कडबा देण्याची ती पहिलीच वेळ.

कुठे लावायची, कुठे नाही

पराटीत नाही. हे मी ओरडून सांगतो.

खरिपात पडीक ठेवून रब्बी ज्वारी घेणाऱ्यांनीही घाई करू नये. त्यांना हिरवळीचे खत हवे असेल तर तागच बरा. ताग सरळ उभा वाढतो, दीड-दोन महिन्यांत गाडता येतो. खाजकुहिलीचे वेल वखराच्या पासेला आणि फणाला असे गुंडाळतात की बैल उभे राहतात आणि आपल्या तोंडून नको ते शब्द निघतात. शिवाय ती ऑक्टोबरपर्यंत ठेवली तर रब्बीच्या वाट्याची ओल पिऊन टाकते. लावलीच तर सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात विळ्याने कापून जागीच पसरा, गाडण्याच्या भानगडीत पडू नका.

खरीप ज्वारीत मात्र जागा आहे. ज्वारी चाळीस-पंचेचाळीस दिवसांची झाली, दुसरे डवरे झाले, की दोन तास सोडून तिसऱ्या तासाच्या कडेला दोन-अडीच फुटांवर एकेक दाणा टोकायचा. बी टणक असते, रात्रभर पाण्यात भिजवा. आधी लावाल तर वेल ज्वारीला आडवी पाडेल. कणसे खुडेपर्यंत तो बुडाशीच राहतो, ज्वारी निघाली की पसरतो. तो पाला कडब्यात थोडा-थोडा मिसळून ढोरांना चालतो. बी मात्र कोंबड्यांना-डुकरांना कच्चे घालू नका, सोसत नाही.

आणि तिसरी जागा, ज्या तुकड्यात पेरलेले बीसुद्धा परत येत नाही तो. तिथे पहिल्या पावसावर सलग लावा, तीन फुटांची तासे, एकरी आठ-दहा किलो बी. बी धरायचे असेल तर कडेच्या चार वेलांना तुराट्यांचा किंवा बांबूचा आधार द्या. जमिनीवर लोळणाऱ्या वेलाच्या शेंगा पावसात कुजतात. काळ्या भारी जमिनीत, जिथे पाणी तुंबते, तिथे प्रयत्नच करू नका.

मागे टेबलावर दोन पायल्या बी ठेवले आहे. माझ्याच बरडातले, चार वर्षे निवडलेले. प्रत्येकाने पन्नास दाणे न्यायचे, नाव आणि गाव वहीत लिहायचे. पैसे नाहीत. पुढच्या वर्षी शंभर दाणे परत आणायचे, ते दुसऱ्या तालुक्याला जातील. मी निवडलेले असले तरी माझ्यावर विश्वास ठेवू नका, एकदा ठेवून झालेला आहे. शेंगा बोटाएवढ्या झाल्या की प्रत्येक वेल स्वतः फिरून पाहा. तांबूस ताठ केस दिसले की शेंग हिरवी असतानाच तो वेल हातमोजे घालून मुळापासून उपटा, शेताबाहेर खड्ड्यात पुरा, जाळू नका, आणि मला निरोप द्या. आणि हे पाहणे होईपर्यंत त्या तासात निंदायला बायांना पाठवू नका. आधी आपण जायचे.